आधी जमिनीला हात

आमचे गायकवाडकाका कुणालाही हात लावण्याआधी जमिनीला हात लावायचे. भाजीवाली असो की नगरसेवक, काका आधी वाकणार, तळवा लादीवर टेकवणार, मग हात पुढे करणार. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नव्याने आलेल्यांना वाटायचं, काय संस्कारी माणूस! डोंबलाचे संस्कार. काका अर्थिंग करत असायचे, अंगातली वीज जमिनीत सोडत.

काका एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे लोखंडी कपाटांवर रंगाची कोरडी पावडर उडवतात. गनमधून निघताना तिच्या कणाकणाला मायनस चार्ज मिळतो आणि हुकाला टांगलेल्या, अर्थिंग केलेल्या लोखंडाकडे ती ओढली जाते. काका मला सांगायचे, "वैशाली, अगं, वळून पाठीमागेसुद्धा जाऊन बसते! पण अर्थिंग गेलं की खेळ खल्लास. सगळी पावडर खाली."

एका थंडीत, टेरिकॉटचा शर्ट घालून, काका माझ्या सासूबाईंना साखरेची वाटी परत द्यायला आले. बोटाला बोट लागलं आणि चट्कन ठिणगी! सासूबाई अशा किंचाळल्या की खालचा वॉचमन वर आला. तेव्हापासून हे वाकणं सुरू झालं.

माणसांनाही काका हेच शास्त्र लावायचे. कुठल्या नवराबायकोचं वाजलं की निदान तयार, "दोघंही मायनस. ढकलणारच एकमेकांना."

स्वतःच्या घरात तेच झालं होतं. काकू गेल्यावर घरात एकुलती एक लेक सुजाता, तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि काका लग्नाला गेलेच नाहीत. वाकण्याची सवय लागली तेव्हा ती केव्हाच बदलापूर गावात नांदायला गेली होती. तिला मुलगी झाल्याचं काकांना माझ्याकडून कळलं. "आधी तिनं फोन करावा," काका म्हणाले. तिचंही हेच म्हणणं, आधी बाबांनी यावं. घ्या!

आणि मग एक दिवस काकांच्या गॅलरीत लोखंडी पाळणा दिसला. गुलाबी, गुळगुळीत, स्वतः कोटिंग केलेला. महिनाभर तो तिथेच पडून. शेवटी माझं डोकं फिरलं.

"काका, पाळणा काय कांदेबटाटे ठेवायला केलात?"

सरळ रिक्षा बोलावली आणि पाळण्यासकट काकांना आत कोंबलं.

दार सुजातानेच उघडलं. कडेवर बाळ, चेहरा ताठ. काकांच्या अंगात लोकरीचा स्वेटर. बाळाने काकांकडे हात पसरले. काका पुढे झाले, थबकले आणि उंबऱ्यापाशीच वाकून त्यांनी ओल्या लादीवर तळवा टेकवला.

"बाबा! अहो, माझ्यापुढे वाकताय?" सुजाता ओरडली आणि हमसून रडायलाच लागली. बाळासकट खाली बसून तिने त्यांना मिठी मारली.

मी खुलासा करायला तोंड उघडलं. काकांनी डोळ्यांनीच दटावलं. जन्मभर सगळ्यांच्या चुका सुधारणारा माणूस, तेवढी एक चूक त्याने तशीच राहू दिली.

परतताना रिक्षात मला राहवेना. "काका, ते अर्थिंगच होतं ना?"



"वाकलो तेव्हा होतं," ते म्हणाले. "मग उठवेचना गं."