घाटे काका जागा सोडतात

घाटे काकांकडे लोणचं मागायला गेलात, तर बरणी पाऊणच भरून मिळते. "वर जागा सोडावी. पुढे वाढणार आहे," म्हणतात. लोणचं कसं वाढणार, हे विचारायची आमच्या अवधपुरी कॉलनीत कोणाची बिशाद नाही.

कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर कॉलनीचं सामायिक इंटरनेट त्यांनी अंगावर घेतलं. नेटला जोडायच्या प्रत्येक फोनला, टीव्हीला एक नंबर लागतो. घराच्या वाट्याचे नंबर संपले की नवा फोन दारातच ताटकळतो. तर घरटी नंबर किती, यावर मीटिंग भरली. सेक्रेटरी तिवारीजी चारवर अडले. काका म्हणाले सोळा, शिवाय मागच्या रिकाम्या प्लॉटांसाठी वेगळे राखून ठेवायचे. तिथे तेव्हा नुसत्या म्हशी बसायच्या.

"दादा, भैंस मोबाइल चलाएगी क्या?" तिवारीजींनी विचारलं.

सगळे हसले. काका ढिम्म. आज जागा सोडली नाही तर उद्या सगळं मोडून पहिल्यापासून मांडावं लागेल, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत बसले. चहा गार झाला, तिवारीजींची जेवायची वेळ टळली, तेव्हा कुठे सोळा मंजूर झाले.

आज त्या प्लॉटांवर घरं आहेत. तिवारीजींकडे सून आली, नातवंडं झाली, दारावर कॅमेरा बसला. सगळं बिनबोभाट चालतं. तिवारीजी कबूल करत नाहीत, ते सोडा.

परवा मी काकांकडे चहाला गेले. काकू गेल्यापासून चहा तेच करतात, कपही पाऊणच. भाचीच्या लग्नाचे फोटो दाखवावेत म्हटलं, तर घरात सिग्नल शून्य आणि फोन त्यांच्या नेटला काही लागेना.

काका चष्मा पुसत म्हणाले, "इथे एकच नंबर ठेवलाय. माझ्या फोनचा."

"कॉलनीत घरटी सोळा आणि स्वतःला एक?"

"इथे आता काय वाढणार आहे?"

खरं सांगते, मला रागच आला. म्हशींच्या जागेसाठी भांडलेला माणूस हा! मी फोन त्यांच्यापुढे ठेवला. "मी रोज चार वाजता चहाला येणार. माझी जागा करा, त्याशिवाय उठणार नाही."

काकांनी आपला फोन उचलला. त्यात काहीतरी केलं. माझा फोन लागला, फोटो उघडले. तरी त्यांची बोटं चालूच.

"झालं की काका. अजून काय करताय?"

"तुझे मिस्टर पण येतील कधीतरी," मान वर न करता ते म्हणाले. "थोडी जागा सोडतो."