डॉक्टर खांबेट्यांची फळी

डॉक्टर खांबेट्यांकडे गेलेल्या पाहुण्याला आधी पाणी मिळत नसे. आधी फळीवर पालथं पडावं लागे.

"या, या. चपला तिथेच काढा. आता जरा मरून पडा बघू," असं ते इतक्या अगत्याने म्हणत, की नाही म्हणायला जीभ रेटत नसे.

आमचं गाव अलिबागच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी. स्वराज्य येऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि मी तिथे शाळामास्तर होतो. समुद्रकाठचं गाव, त्यामुळे कोणी ना कोणी बुडायचंच. बुडालेल्याला बाहेर काढलं, की त्याचं पोट पालथ्या घड्यावर टेकवून त्याला गरगर फिरवायची रीत होती. पोटातलं पाणी पडे. माणूस मात्र उठत नसे. गावात आल्या आल्या डॉक्टरांनी हा प्रकार पाहिला, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न शिरला : थांबलेला श्वास बाहेरून चालवायचा, तर कोणत्या पद्धतीने जास्त हवा आत-बाहेर होते?

"पुस्तकात दिलं असेल की," मी म्हणालो.

"पुस्तकात पुष्कळ असतं. कोणी बघितलंय?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. भरतीच्या वेळी हरिहरेश्वरची प्रदक्षिणा घालता येत नाही, असं तिथल्या पुजाऱ्यांनी सांगितलं, तेव्हाही "कोणी बघितलंय?" म्हणून हे निघाले आणि गुडघे फोडून, ओलेचिंब होऊन परतले. "खरं आहे हो," म्हणाले, अगदी तृप्त होऊन.

तर त्यांच्या पडवीत झोपाळ्याची सुटी केलेली फळी असे. शेजारी पाण्याने भरलेलं पिंप, त्यात पालथा घातलेला तुपाचा डबा. फळीवरच्या माणसाच्या नाकातोंडावर रबरी टोपण, टोपणातून नळी त्या डब्यात. डॉक्टर पाठ दाबत. छातीतून हवा निघाली, की डबा पाण्यातून वर उठे. किती उठला, यावरून पद्धतीची परीक्षा.

अडचण एकच. फळीवरच्याने स्वतः श्वास घ्यायचा नाही. सगळा डॉक्टरांवर सोपवायचा. हे फार थोड्यांना जमे. गावच्या खोतांना गुदगुल्या होत. डॉक्टरांसाठी पेणहून स्थळ घेऊन आलेले एक गृहस्थ घाबरून इतके धापा टाकू लागले, की डबा नाचायला लागला. ते पाणीही न पिता गेले आणि स्थळही त्यांच्याबरोबर गेलं. मी मात्र निवांत पडे.

"मास्तर, तुम्ही उत्तम मरता!" डॉक्टर म्हणत. मला त्याचा अभिमान वाटे. आमच्या घरात तो कोणालाच वाटत नसे.

तीन पद्धतींची स्पर्धा होती. पहिली, नुसती पाठ दाबायची. दुसरी, पाठ दाबून मग कोपरं धरून हात वर ओढायचे. तिसरी डॉक्टरांची स्वतःची : माणसाला फळीला बांधायचं, फळीखाली मधोमध टेकू द्यायचा आणि एकदा डोकं खाली, एकदा पाय खाली, असं झुलवायचं. या तिसरीवर त्यांचा फार जीव. तिच्यापायी मी तो सबंध पावसाळा उलटासुलटा काढला.

एके दिवशी ते पेढे घेऊन शाळेत आले.

"काय, लग्न ठरलं?"

"छे हो! माझी पद्धत साफ हरली. हात ओढण्याची जिंकली. घ्या, दोन घ्या!"

स्वतः हरल्याचे पेढे वाटणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मग कुठल्याशा वैद्यकीय मासिकात त्यांनी वाचलं, की तोंडाला तोंड लावून आपलाच श्वास दुसऱ्याच्या छातीत फुंकता येतो. आता तेही बघायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे आशेने पाहिलं. मी म्हणालो, शाळेची तपासणी जवळ आलीय.

पुढच्या वर्षीची नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या. एका सकाळी खाडीच्या तोंडाशी लाटेने पदीबाई कोळणीच्या मुलाची, धर्माची होडी उलटवली. बाकीचे पोहून आले. धर्माला उचलून आणावं लागलं. कोणीतरी घडा आणला.

"घडा लांब न्या!" ओरडत डॉक्टर धावत आले. धर्माला पालथा निजवून त्यांनी जिंकलेली पद्धत सुरू केली. पाठ दाबली, हात ओढले. पुन्हा दाबली, पुन्हा ओढले. धर्माचे ओठ काळेनिळे पडत चालले होते. डॉक्टरांनी मानेवर बोटं ठेवली.

"नाडी आहे. पण हवा जात नाहीये."

"डाक्टर, माझा धर्मा हाय ना रं?" पदीबाई विचारत होती.

डॉक्टर थांबले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, हे मी बघितलेलं नाही हो," एवढंच पुटपुटले. मग त्यांनी धर्माला उताणा केला, मान मागे टाकली, नाक चिमटीत धरलं, त्याच्या तोंडाला तोंड लावलं आणि फुंकलं. बायका किंचाळल्या. "डाक्टर येडा झाला," कोणीतरी म्हणालं. पण धर्माची छाती वर आली. आम्ही सगळ्यांनी पाहिली. डॉक्टर फुंकत राहिले, दम लागला तरी फुंकत राहिले. शेवटी धर्माला ठसका लागला, डॉक्टरांच्या सदऱ्यावर त्याने खारं पाणी ओकलं आणि तो कण्हला.

लोकांनी एकच गलका केला. डॉक्टर वाळूत बसले होते. "एकावरून काही सिद्ध होत नाही," म्हणाले, आणि धर्माच्या नाकाशी कान नेला.

पुढच्या पंधरवड्यात अलिबागचे मोठे डॉक्टर मुद्दाम त्यांची भेट घ्यायला आले. खांबेटे घरी नव्हते. शोधत मी कोळीवाड्यात गेलो. पदीबाईच्या ओट्यावर धर्मा दुपारचा झोपला होता, आणि त्याच्याशेजारी चटईवर डॉक्टर, तेही गाढ झोपलेले. पदीबाई वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकत होती, तेही तोंडाने आवाज न करता, नुसता पदर हलवून.

मी हाक मारणार, तोच ती पुढे आली.

"हलू बोल, मास्तर. रोज येतो नं धर्माच्या उशाशी बसतो. मी सांगला, पोर बरा झाला, आता कशाला येतोस? तं बोलला, श्वास ऐकाया." तिने डॉक्टरांच्या अंगावरची चादर सारखी केली. "त्याचे घरान दुसऱ्या कुनाचा श्वास न्हाय, मास्तर."

"अगं, अलिबागचे साहेब आलेत."

"बसूं दे सायबाला."

मी वहाणा काढल्या आणि ओट्याच्या कडेला गुपचूप बसून राहिलो.