शमिकाचा कम्प्यूटर एवढा वेगात का?

ऑफिसात कुणीतरी जेआयटी चालू ठेवलंय, असा देवदत्त मुजुमदारांना सकाळच्या पोह्यांपासून संशय होता. तेच काम वारंवार आलं की ब्राउझर ते घोकून घेतो आणि पुढं झपाट्यानं उरकतो, ती ही सोय. तिच्यातून चोर शिरतात म्हणून मुख्य कार्यालयानं ती बंद करायला लावली होती. तुकोगंजच्या त्या चार माणसांच्या विमा-ऑफिसात देवदत्त साहेब, आणि साहेब स्वतःच्या सावलीलाही ओळखपत्र मागणारे. त्यांनी चाचणीचं एक पान मिळवलं. ब्राउझर लाखो बेरजा करणार. दोन सेकंदांच्या आत संपल्या, तर माणूस गुन्हेगार.

उन्मेषला चार सेकंद लागले, संहिताला पाच. शमिकाला एक.

शमिकाची नोकरी पक्की करणाऱ्या कागदावर त्याच संध्याकाळी देवदत्तांची सही व्हायची होती. तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"सर, माझं बंद आहे. सेटिंग बघा न!"

"सेटिंग तर कोणी पण दाखवतं. स्पीड कुठून आली?"

"कम्प्यूटर नवा आहे, सर."

"नव्या माणसाला नवा कम्प्यूटर? दाल में कुछ काला है! दिला कोणी?"

"तुम्हीच."

देवदत्तांना क्षणभर स्वतःचाही संशय आला.

"दोन मशीनची रेस नका लावू, सर," शमिका म्हणाली. "एकाच मशीनवर तेच काम शंभर वेळा करवा. जेआयटी असलं तर मागून स्पीड वाढेल. नसलं तर शुरू से आखिर सारखीच."

तसं केलं. शमिकाच्या शंभर फेऱ्या एका चालीनं झाल्या. उन्मेषचं म्हातारं यंत्र मात्र दहाव्या फेरीनंतर उधळलं. संहिताचंही.

"क्या करें, सर! बंद केलं की क्लेमचा फॉर्म खुलतच नाही," संहिता पुटपुटली.

"दोघांची रिपोर्ट आजच वर पाठवतो!"

"पाठवा न," उन्मेष थंडपणे म्हणाला. "पण पहले तुमचं पण होऊन जाऊ द्या."

देवदत्तांनी ऐटीत बटण दाबलं. दिवाळीत 'पाच मिनिटांसाठी' चालू केलेली सोय बंद करायची राहिलीय, हे त्यांना अकराव्या फेरीला आठवलं.

देवदत्तांनी निमूटपणे शमिकाच्या कागदावर सही केली. तिला हायसं वाटलं, डोळे भरून आले. ती वळणार तोच त्यांनी दाराकडे बघत आवाज खाली आणला.

"आणि ऐक. तुझं जेआयटी पण चालू करून टाक. चौघांत एकच मशीन अलग दिसलं, तर वरच्यांना शक येतो."