सदतीस अंशांची बाटली

आईनं खुब्याच्या ऑपरेशनला साफ नकार दिला, आणि त्याचं सगळं श्रेय तिच्या एकुलत्या एका चिरंजीवांना जातं. चिरंजीव धातुशास्त्रज्ञ. हाडांच्या जागी बसवायचं टायटॅनियम आणखी निर्धोक कसं करता येईल, यावर त्यांचं संशोधन. आता माणसानं प्रयोगशाळेतलं प्रयोगशाळेत ठेवावं की नाही? पण छे! रोज जेवताना यांचं सुरू: "सध्याच्या मिश्रधातूत व्हॅनेडियम असतं. किंचित का होईना, ते अंगात झिरपू शकतं. आमच्यात ते नाहीच!" ऐकून ऐकून आईच्या मनानं घेतलं.

"मला नको ते झिरपणारं," ती म्हणाली. "तुझं तयार झालं की बघू."

"अगं, आहे तेही चांगलंच आहे. कितीतरी लोक त्यावर मजेत चालतात."

"मग तू इतकी वर्षं तिथं काय करतोयस?"

इकडे डावा खुबा पार झिजलेला, खुर्चीतून उठताना आई कळवळायची, सर्जननं पुढच्या आठवड्यातली तारीखही देऊन ठेवलेली. आणि आई ढिम्म.

अशातच शनिवारी प्रयोगशाळेतली नमुने उबेत ठेवायची पेटी बंद पडली. मेकॅनिक सोमवारशिवाय येईना. पेटीत एक बाटली होती. तिच्यात शरीरातल्या द्रवासारखं खारट पाणी आणि त्यात नव्या धातूची बोटाएवढी कांडी. अंगात गेल्यावर हा धातू किती झिरपेल, ते पाहायला ती बाटली सहा महिने सदतीस अंशांवर सांभाळलेली. आता शेवटच्या दोन दिवसांत ती थंड पडली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! चिरंजीवांनी बाटली टॉवेलात गुंडाळली आणि थेट घरी आणली.

आधी तिला गरम पाण्याच्या पातेल्यात बसवलं. पाणी कधी चाळिशी ओलांडायचं, कधी तिशीत यायचं. थर्मामीटर धरून धरून बायको वैतागली.

"शरीराचं तापमान हवंय ना? मग घरात शरीरं काय कमी आहेत? बांध की पोटाला!"

त्यानं बांधली. पण या माणसाला एका जागी बसवणार कोण? फोन आला, उठला. डुलकी लागली, बाटली घरंगळत कोचाखाली. मग बायकोनं घेतली. ती गॅसपाशी उभी राहिली की पारा चढायचा, कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली की उतरायचा. दोघांची चांगलीच जुंपली. आणि भांडता भांडता दोघांची नजर एकदमच आईकडे वळली. जागची न हलणारी, शालीत गुरफटलेली, शेकायची पिशवी जवळ घेतलेली अशी घरात ती एकटीच होती.

"माझ्याकडे काय बघताय?" आई म्हणाली. मग शाल बाजूला सारत म्हणाली, "आण इकडे."

दोन दिवस आईनं त्या बाटलीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. खिडकी उघडायची नाही, पंखा लावायचा नाही, दार आपटायचं नाही. पारा सदतिसाच्या आसपास घुटमळत राहिला. रविवारी शेजारीण आली. शालीखालचा फुगवटा बघून तिला राहवेना.

"काय हो, काय लपवलंय?"

"हाड."

"अगंबाई! कुणाचं?"

"अजून ठरायचंय."

शेजारीण अर्धा चहा तसाच टाकून गेली.

सोमवारी तपासणी झाली. पाण्यात धातू जवळपास उतरलाच नव्हता. चिरंजीव नाचतच घरी आले. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"झालं तर मग," ती म्हणाली. "सर्जनला सांग, मला हेच घाला. दोन दिवस पोटाशी धरलंय, माझी खात्री पटलीय."

चिरंजीवांचा चेहरा खर्रकन उतरला. "आई, तसं नाही होत गं. अजून खूप चाचण्या आहेत. माणसांत बसवायला दहा-बारा वर्षं तरी लागतील."

आईनं बोटांवर वर्षं मोजली. सत्तरी ओलांडलेली बाई ती. बायकोनं नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तो आईच्या खुर्चीशी खाली बसला.

"माझा धातू राहू दे बाजूला," तो म्हणाला. "मला तुला चालताना बघायचंय. आत्ता."

आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "लाव फोन."

सर्जननं फोन उचलल्या उचलल्या तिनं हुकूम सोडला, "डॉक्टर, डावीकडे तुमचं नेहमीचं घाला. पण उजव्या खुब्याला हात लावायचा नाही. तो मी माझ्या मुलाच्या धातूसाठी राखून ठेवलाय."

"अहो आजी, तुमचा उजवा खुबा ठणठणीत आहे. त्याला कशाला काय लागतंय?"

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "दहा-बारा वर्षं आहेत ना हातात? तुम्ही फक्त डावा नीट करून द्या. चालून चालून उजवा मी झिजवते!"