उद्धवरावांचा मणी

सेलूत उद्धवरावांसोबत चहा प्यायचा म्हणजे माझ्या जिवावर यायचं. कप पुढ्यात आला की हा माणूस सदऱ्याच्या खिशातून दोन तारांच्या टोकाचा मिरीएवढा मणी काढायचा आणि आधी स्वतःच्या, मग माझ्या चहात बुडवायचा. तारांच्या दुसऱ्या टोकाला एक डबी, तिच्यावरचा काटा हलायचा. "थांबा गुरुजी, तोंड भाजंल."

"अहो, कपाला हात लावला की कळतंय मला!"

"हाताचा भरवसा न्हाई," ते ठासून सांगायचे. हे वाक्य गावात इतकं पसरलं होतं, की स्टेशनवरचे हमालसुद्धा त्यांना बघून तेच म्हणायचे.

उद्धवराव माझे शेजारी. रेडिओ दुरुस्त करायचे. त्या मण्याचं नाव थर्मिस्टर, हैदराबादहून मागवलेला. "माणूस तापला की अडून बसतो गुरुजी. ह्यो तापला की विजेला वाट सोडतो." वाट मोकळी झाली की काटा हलतो, घंटी जोडली असेल तर ती वाजते. एवढीच करामत. पण त्यांनी तो मणी वरणात घातला, रांजणात घातला, एकदा तर झोपलेल्या मेहुण्याच्या काखेत घातला. मेहुणा पुन्हा मुक्कामाला आला नाही.

चहा मात्र कायम हॉटेलात. घरी कधी बोलवायचे नाहीत. त्यांच्या पत्नी सुमनवैनी मोठ्या आजारातून उठलेल्या, पण चुलीजवळ दिसायच्या नाहीत, ओट्यावर गप बसून असायच्या. भाकरी उद्धवरावच थापायचे आणि ती कुठल्या तरी देशाचा नकाशा होऊन तव्यावर पडायची. बाईला आयतं खायची सवय लागली, असं गल्ली म्हणायची.

ओला कापूस गंजीत आतून तापतो, कधी पेटतोसुद्धा. गावातल्या जिनिंगमधले, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातले लोक गंजीत हात खुपसून बघायचे. उद्धवरावांना हे सहन होईना. त्यांनी बांबूच्या टोकाला मणी बांधून गंजीत रोवला, वर घंटी लावली. चैत्रात भर दुपारी घंटी बोंबलायला लागली. हमाल बादल्या घेऊन धावले, गंजी चिंब केली. मालकानं हात घातला तर आत गारेगार! बांबू घसरला होता आणि मणी बाहेर उन्हात लोंबत होता.

"उद्धवराव, हे सेलू हाय," मालक ओरडला, "हितं चैत्रात समदंच तापतंय!"

सगळी गंजी पसरून वाळवावी लागली. गाव पोट धरून हसलं. उद्धवराव मात्र पार उतरून गेले. "घंटी खोटी वाजून चालायची न्हाई गुरुजी. एकदा खोटी वाजली, की खऱ्या घंटीलाबी माणूस हात मागं घेत न्हाई." कापसाला कुठला आलाय हात, असं मला वाटलं. पुढं विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनापायी बाजार बंद असायचा तेव्हाही त्यांच्या दुकानात आतून खुडबुड ऐकू यायची.

मग एके सकाळी म्हणाले, "गुरुजी, चहाला या. घरी." मी चाटच पडलो.

आत स्टो पेटलेला आणि त्याच्यापुढं सुमनवैनी. उजव्या हातात जुन्या धोतराचा शिवलेला पंजा घातलेला, प्रत्येक बोटाच्या शेंड्याला मणी, तारा बाहीतून फळीवरच्या घंटीकडं गेलेल्या. उद्धवराव घामानं थबथबलेले.

"आजारात हिच्या बोटांची जाणीव गेली," ते हळूच म्हणाले. "औषधानं आजार गेला, जाणीव न्हाई आली. तव्याला हात चिकटायचा अन् वास आला की कळायचं. मी चुलीपुढून उठवलं. तवापासून बोलतीच कमी. म्हणती, बायकोपण संपलं माझं."

वैनींनी पातेल्याला बोट लावलं. टिर्र्र! हात झटक्यात मागं. मग त्यांनी सांडशी घेतली आणि पातेलं नीट खाली उतरवलं.

"कसं आरडायलंय मेलं," त्या म्हणाल्या, "माझ्या सासूवानी!" आणि खदखदून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

चहा ओतून झाला. कप पुढं सरकवायच्या आधी त्यांनी बोट टेकवलं. टिर्र्र! "थांबा भावजी. लय गरम हाय."

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी उद्धवरावांना डिवचलं, "काय हो, आज चहात मणी नाही बुडवत?"

ते वैनींकडंच बघत होते.

"कशाला? हिनं हात लावून बघितलाय की."