साक्षीला माणूस मिळेना

अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन परवावर आलं होतं आणि मृत्युपत्रावर सह्या अजून व्हायच्या होत्या. आपल्यामागे घर विधवा सुनेला मिळावं, एवढीच त्यांची इच्छा. पुतण्याची इच्छा निराळी होती. मागच्या आठवड्यात तो काकांच्या तब्येतीची चौकशी करायला आला, तो खिशात मोजायची टेप घेऊनच. "पथ्यपाणी सांभाळा हं काका," म्हणता म्हणता त्याने बैठकीची खोली मापायला घेतली होती.

"दोन साक्षीदार बोलवा," जेवणाच्या टेबलावर कागद पसरत वकीलबाई म्हणाल्या. "मात्र ज्याला यातून काही मिळणार असेल, तो माणूस नको. तुमचा पुतण्या कोर्टात नेमकं त्यावरच बोट ठेवील."

अण्णांनी डोकं खाजवलं. सून खिडकीबाहेर बघू लागली.

अण्णांचा हात देताना थांबणारा नव्हता. घर सुनेला दिल्यावर उरलेल्या एकेका वस्तूवर त्यांनी इमारतीतला एकेक माणूस नेमला होता. शिडी समोरच्या मास्तरांना. जेवणाचं टेबल वरच्या शिवणकामवाल्या मावशींना, कापड बेतायला. भिंतीवरचं घड्याळ खालच्या न्हाव्याला, कारण त्याचं नेहमी मागे असे.

"आणि ही छत्री?" वकीलबाईंनी शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं.

"ती तुम्हाला. त्या दिवशी भिजत आला होतात."

शेवटी मास्तरांना बोलावणं गेलं. अण्णा सरळ माणूस. सगळं सांगून मोकळे झाले. "मास्तर, तुमची शिडी खोडतो, तेवढी सही करा."

"शिडी? मला शिडी मिळणार होती?" मास्तर आजवर स्टुलावरही चढले नव्हते. पण आता तोंडचा घास कुणी काढून घ्यावा, तसा त्यांचा चेहरा झाला. "माझ्याच हाताने माझी शिडी घालवू? वा अण्णा, वा!"

चहा निवायच्या आत इमारतभर झालं, की अण्णा ज्याला साक्षीला बोलावतात त्याचा पत्ता कटतो. मावशी हाताला फडकं गुंडाळूनच दारात आल्या. "सुई घुसली हो. सही काही जमायची नाही." फडकं डाव्या हाताला होतं. न्हाव्याने खालूनच ओरडून सांगितलं, की आपल्याला लिहिता येत नाही. दुकानाची पाटी त्याने स्वतः रंगवली होती.

"अण्णा, घर महत्त्वाचं की घड्याळ?" वकीलबाई म्हणाल्या.

"मनातल्या मनात शब्द दिलाय मी सगळ्यांना."

"मनातला शब्द कोर्टात चालत नाही."

"वर चालतो," अण्णा म्हणाले.

सून कपबशा उचलत होती. "बाबा, नंतरच कशाला द्यायचं? आत्ताच देऊन टाका ना. मग कागदावर घर तेवढं उरेल आणि साक्षीला अख्खी इमारत मोकळी."

आपली फी हिलाच द्यावी की काय, अशा नजरेने वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नवा कागद लिहायला घेतला. शेवटची ओळ होते न होते तोच मावशींनी त्यांच्यासमोरचं टेबल उचललं. दोन्ही हातांनी उचललं आणि वर नेऊन ठेवूनच त्या परतल्या. मास्तरांनी शिडी खांद्यावर घेतली. न्हाव्याने घड्याळ काढून छातीशी धरलं. वकीलबाई काखेत छत्री घेऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात पुतण्या आला. सामान निघालेलं बघून त्याचा चेहरा खुलला. "घर रिकामं करताय? फार छान केलंत काका! मागच्या खेपेला ते टेबल मध्ये येत होतं." असं म्हणून त्याने टेप काढली आणि तो भिंतीच्या कडेला वाकला.

आता सगळे सहीला तयार होते, पण कागद टेकवायला घरात काही उरलं नव्हतं. वकीलबाईंनी चौफेर नजर फिरवली.

"असेच वाकून राहा हं जरा," त्या म्हणाल्या आणि कागद त्यांनी पुतण्याच्या पाठीवर ठेवला.

अण्णांनी सही केली. मास्तरांनी शिडी न उतरवता केली. मावशींनी फडकं सोडून केली. न्हावीही पेन मागत पुढे आला, पण दोन साक्षीदार पुरेसे होते.

"गुदगुल्या होतायत हो!" पुतण्या खालून म्हणाला. "कसला कागद आहे, काका?"

"तुझ्या वहिनीच्या घराचा," अण्णा म्हणाले. "हलू नकोस रे, तारीख राहिलीय."