फुटली तरच पास

आमच्या वाकोल्याच्या सोसायटीतल्या शीलाताई गायकवाड चहाला आल्या की आधी कप वाजवतात. कानाशी धरून, नखाने. आवाज बद्द आला की कप परत. "आतून चीर आहे. दिसत नाही, पण आहे." बायकोने लग्नातला टी-सेट त्यांच्यापासून लपवून ठेवलाय.

ताई बुलेटप्रूफ जॅकेटांमधल्या सिरॅमिकच्या प्लेटा तपासायच्या. नोकरी संपली, तपासणी चालूच आहे. लिफ्टसमोर नव्या लाद्या बसत होत्या, तेव्हा सकाळभर उकिडव्या बसून एकेक लादी वाजवत होत्या. कंत्राटदार वैतागला, "मॅडम, इधर गोली थोडी चलेगी!"

"आमची वार्षिक सभा बघितली नाहीस तू," ताई म्हणाल्या.

एकदा मी चुकून विचारलं, "ताई, ती जॅकेटातली बशी गोळी कशी अडवते हो?"

"बशी काय रे? गोळीपेक्षा कडक असते ती! गोळी आदळली की तिचंच टोक चेपतं, तुकडे होतात. प्लेटही फुटते, पण फुटता फुटता धक्का पसरवते. मागे चिवट धाग्यांचा थर, तो उरलेला चुरा झेलतो." हे सगळं आमच्या खारीवर करून दाखवलं. प्लेट म्हणजे खारी, गोळी म्हणजे चमचा, मागचा थर म्हणजे माझा रुमाल.

"म्हणजे प्लेट फुटली की नापास ना?"

"वेडा आहेस का? फुटली तरच पास! माणूस उभा राहिला पाहिजे."

अशी ही बाई दिवाळीत मात्र पळ काढायची. लक्ष्मीपूजनाला ऊन उतरायच्या आत पिशवी घेऊन गायब. जन्मभर गोळीबार ऐकलेली बाई लवंगी माळेला घाबरते, म्हणून अख्ख्या सोसायटीने टिंगल केली. मीही केली. ताई नुसत्या हसायच्या.

गेल्या दिवाळीत त्यांचा फोन आला, "बीपीच्या गोळ्या घरीच राहिल्या रे. आरे कॉलनीत आणून दे ना, यार."

तबेल्यांच्या पुढे, झाडीत, त्यांच्या मैत्रिणीचं क्वार्टर. आत ताई पत्ते पिसत होत्या. समोर धाकटा भाऊ बाळू, पोलिसातला, धिप्पाड गडी.

"याच्या जॅकेटात आमची प्लेट होती," ताई म्हणाल्या. "ती फुटली, हा वाचला."

बाळू हसला. तेवढ्यात लांब कुठेतरी बार उडाला. बाळूच्या हातातली पानं खाली पडली. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

ताई मला दारापर्यंत घेऊन आल्या. "प्लेटने गोळी अडवली रे. आवाज नाही अडवला," हळूच म्हणाल्या. "घाटकोपरला त्याच्या घराखाली नुसता धूमधडाका असतो. इथे त्यातल्या त्यात कमी."

"ताई, सोसायटीत सांगायचं ना! आम्ही उगाच तुम्हाला..."

"मला भित्री म्हणता ना? म्हणा. त्याला कुणी म्हणायला नको."

आत जाऊन त्यांनी पानं गोळा केली आणि एकदम आवाज चढवला. "बाळ्या, बस इकडे! हरायला लागलास की पानं टाकतोस काय? लहानपणापासून लबाड आहेस तू!"

बाळू वळला. ताईंची बडबड अशी काही सुरू झाली, की पुढचा बार उडाला असेल तर मलाही ऐकू आला नाही.